कुत्रा-मांजर पाळताना: नेहमीचे आजार, लसी आणि पशुवैद्यकाकडे कधी न्यावे

पाळीव जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. मांजर तर ते लपवते. त्यामुळे 'आज जरा जेवला नाही, उद्या बघू' असे म्हणण्यात पहिले एक-दोन दिवस निघून जातात. काही आजारांत तेवढी उसंत असते, काहींत नसते. त्यातले काही आजार माणसांनाही होतात. म्हणून कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या तक्रारी, त्यांतल्या धोक्याच्या खुणा आणि घरातल्या माणसांनी घ्यायची काळजी अशी तिन्ही माहिती येथे एकत्र दिली आहे. निदान आणि औषधाचा डोस मात्र पशुवैद्यकानेच ठरवायचा असतो. ते काम माणसांच्या डॉक्टरचे नाही आणि औषधाच्या दुकानदाराचेही नाही.

निरोगी जनावर कसे ओळखावे

कुत्र्या-मांजरांचे शरीर आपल्यापेक्षा गरम असते. त्यांचे नेहमीचे तापमान साधारण 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. हाताला अंग गरम लागले किंवा थर्मामीटरवर 101 दिसले म्हणजे ताप आला असे नाही. 103 च्या वर गेले तर ताप समजावा. 99 च्या खाली उतरणेही तितकेच काळजीचे आहे. नाक कोरडे आहे की ओले यावरून ताप कळत नाही.

घरी तीन गोष्टी पाहता येतात. त्या जनावर बरे असतानाच पाहून ठेवा, म्हणजे फरक लगेच लक्षात येतो.

- हिरड्या: गुलाबी असाव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हावा. पांढरट, पिवळ्या, निळसर किंवा तपकिरी हिरड्या हे धोक्याचे लक्षण आहे. काही जनावरांच्या हिरड्या मुळात काळ्या असतात. अशा वेळी खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.
- श्वास: झोपेत मिनिटाला 30 पेक्षा कमी असावा. कुत्र्याचे धापा टाकणे उन्हात किंवा खेळल्यावर नेहमीचे आहे. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर ते नेहमीचे नाही.
- खाणे, पाणी, लघवी, शी: अचानक खूप पाणी पिणे किंवा लघवी बंद होणे या दोन्हींकडे लक्ष द्या.

लसीकरण

पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून काही आठवडे संरक्षण मिळते. तेच संरक्षण लशीचा परिणामही रोखते. ते नेमके कधी संपते हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते. म्हणून पिल्लाला एकच लस देऊन भागत नाही, ठरावीक अंतराने डोस द्यावे लागतात.

कुत्र्याच्या पिल्लाला 6 ते 8 आठवड्यांच्या वयात पहिली लस देतात. नंतर दर 3-4 आठवड्यांनी पुढचे डोस येतात. शेवटचा डोस 16 आठवड्यांचे वय झाल्यावर पडणे महत्त्वाचे आहे. या लशीत पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ करणारा विषाणू आणि बहुधा लेप्टो यांच्याविरुद्ध संरक्षण असते. अनेक घरांत दोन डोस झाले की कार्ड कपाटात जाते, आणि नेमके असेच पिल्लू पार्व्होने आजारी पडते. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत किंवा अनोळखी कुत्र्यांमध्ये नेऊ नये.

मांजराच्या पिल्लालाही याच वयात लस सुरू करतात. तिने जीवघेण्या जुलाबांचा पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दी-डोळ्यांचे दोन विषाणू यांपासून संरक्षण मिळते. मांजर घराबाहेर जात नसले तरी हा विषाणू चपलांवरून घरात येऊ शकतो.

रेबीजची लस दोघांनाही तिसऱ्या महिन्यात देतात. पुढचे डोस पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे, आपल्याकडे साधारणपणे दरवर्षी, द्यावेत. लसीचे कार्ड जपून ठेवा.

उलट्या आणि जुलाब

प्रौढ कुत्र्याला एखादी उलटी झाली, पण तो हुशार आहे, पाणी पितो आहे, तर काही तास थांबायला हरकत नाही. थोडे थोडे पाणी द्या आणि नंतर साधा भात व उकडलेली कोंबडी असे हलके अन्न द्या. वारंवार उलट्या, रक्त किंवा मलूलपणा असेल तर थांबू नका.

पिल्लाच्या बाबतीत ही सवलत नाही. 6 आठवडे ते 6 महिने वयाचे पिल्लू अचानक मलूल झाले, उलट्या आणि घाण वासाचे, रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले तर तो पार्व्हो समजून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पार्व्होचा विषाणू आतड्याचे अस्तर आणि पांढऱ्या पेशी दोन्ही नष्ट करतो. शरीरातले पाणी जाते आणि आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. सलाइन, उलटीचे औषध व प्रतिजैविके वेळेवर मिळाली तर बरीच पिल्ले वाचतात. उपचाराविना बहुतेक दगावतात.

हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो. फिनाइलवर विसंबू नये. पातळ केलेले ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट वापरावे. ज्या घरात पार्व्होचे पिल्लू होते तेथे पूर्ण लस न झालेले नवे पिल्लू लगेच आणू नये. पार्व्हो माणसाला होत नाही.

गोचीड आणि गोचीडताप

तपकिरी गोचीड आपल्या हवामानात वर्षभर आढळते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त गोचिडी, त्यांची अंडी आणि पिल्ले भिंतीच्या भेगांत, कुत्र्याच्या अंथरुणाखाली आणि अंगणात असतात. म्हणून नुसते कुत्र्याला औषध लावून उपयोग नाही, त्याची जागाही साफ करावी लागते.

गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात. लोक दोन्हींना 'टिक फीव्हर' म्हणतात. कुत्रा खाणे सोडतो, ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. कधी नाकातून रक्त येते, कधी लघवी गडद लाल-तपकिरी होते. निदान रक्ततपासणीने होते. दोन्हींची औषधे वेगळी आहेत, त्यामुळे अंदाजाने गोळ्या देऊ नका. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावे लागते. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून ते बंद करू नका.

गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, काडीने जाळू नका आणि नखाने चिरडू नका.

जंत

बहुतेक कुत्र्याच्या पिल्लांना जंत जन्मतःच असतात, कारण गोल जंताच्या अळ्या आईच्या गर्भातच पिल्लात जातात. पोट फुगलेले आणि बाकी अंग वाळलेले ही त्याची खूण. आकडेकृमी रक्त पितात आणि लहान पिल्लू पांढरे पडते. जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा आणि पुढे दर तीन महिन्यांनी असा साधारण क्रम असतो. मांजराच्या पिल्लाला ते तिसऱ्या आठवड्यापासून देतात. डोस वजनावर ठरतो.

कातडी आणि कान

खाज, केस गळणे आणि खपल्या ही नेहमीची तक्रार आहे. कारण पिसवा, खरूज, बुरशी किंवा ॲलर्जी यांपैकी काहीही असू शकते, आणि दिसायला सगळे सारखेच दिसते. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर बराच उलगडा होतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांना पूर्वी लावत असत ते इंजिन ऑइल लावू नका. ते कातडीतून आणि चाटल्यावर पोटात जाऊन विषबाधा करते.

कुत्रा सारखे डोके झटकत असेल, कानाला वास येत असेल तर कानात संसर्ग आहे. आत तेल घालू नका. पावसाळ्यात आणि अंघोळीनंतर कान कोरडे ठेवा.

बोक्याची लघवी तुंबणे

हे प्रत्येक मांजरवाल्या घराने लक्षात ठेवावे. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. लघवीतले खडे आणि चिकट पदार्थ यांनी ती बंद होते. बोका सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जातो, कुंथतो, ओरडतो, मागची बाजू चाटतो, पण लघवी थेंबभर होते किंवा होतच नाही. घरच्यांना वाटते की शी होत नाही, आणि ते तेल पाजत बसतात. इकडे रक्तात पोटॅशियम वाढते आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, नळी घालून मूत्राशय मोकळे करणाऱ्या दवाखान्यात न्या.

माद्यांचे आजार आणि नसबंदी

नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर 4 ते 8 आठवड्यांत मलूल झाली, खूप पाणी पिऊ लागली, उलट्या करू लागली, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते. बाहेर पू दिसेलच असे नाही. गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर तो आतच साठतो आणि ते जास्त धोक्याचे असते. यावर बहुधा तातडीची शस्त्रक्रिया लागते.

मोकाट कुत्र्यांशी संबंध आलेल्या नर-माद्यांत जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ होते आणि रक्त ठिपकत राहते. हा लैंगिक संबंधातून पसरणारा कर्करोग आहे, पण घाबरू नका. व्हिनक्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात.

नसबंदीने गर्भाशयातला पू टळतो आणि स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो. 'एक वेत होऊ द्यावे' या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. योग्य वय जात आणि आकारानुसार पशुवैद्यक सांगतात.

घरातली माणसांची औषधे देऊ नका

- पॅरासिटामॉल: मांजराचे यकृत हे औषध निकामी करू शकत नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकते. हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. कुत्र्यालाही ते स्वतःच्या मनाने देऊ नये.
- आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन: जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात.
- कुत्र्याचे पर्मेथ्रिन असलेले गोचिडीचे औषध मांजराला लावू नका. मांजराला झटके येतात.
- आयव्हरमेक्टिन कोली आणि तत्सम जातींच्या कुत्र्यांत मेंदूवर परिणाम करू शकते.

खाण्यात चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका-बेदाणे आणि झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे पदार्थ देऊ नयेत. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात. लिलीची फुले-पाने मांजराची मूत्रपिंडे बंद पाडतात. उंदराचे औषध खाल्ले असेल तर जनावर बरे दिसते म्हणून थांबू नका. काही औषधांनी 3 ते 5 दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो, आणि त्याआधी जीवनसत्त्व के सुरू केल्यास जीव वाचतो. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. औषधाचे पाकीट सोबत घेऊन जा.

उन्हाळा

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. बंद गाडी, पत्र्याची शेड आणि दुपारचे डांबर टाळा. जोरात धापा, जाड लाळ, लडखडणे, उलटी अशी लक्षणे दिसली तर आधी नळाचे साधे पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि मग दवाखान्याकडे निघा.

याच दिवशी न्यावे अशी लक्षणे

- श्वास लागणे, मांजराने तोंडाने श्वास घेणे
- पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या किंवा तपकिरी हिरड्या
- लघवी न होणे
- पिल्लाला उलट्या-जुलाब
- मोठ्या कुत्र्याचे पोट फुगणे आणि ओकाऱ्या येऊनही काही बाहेर न पडणे, कारण यात जठराला पीळ पडलेला असतो
- झटके, अचानक मागचे पाय लुळे पडणे
- प्रसूतीत जोरदार कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू बाहेर न येणे
- मांजराने पूर्ण एक दिवस काहीही न खाणे
- विष किंवा औषध पोटात गेल्याची शंका

जनावरांपासून माणसांना

गजकर्ण: मांजराच्या पिल्लांच्या तोंडावर, कानावर केस गेलेले गोल चट्टे दिसतात, आणि काही दिवसांत घरातल्या मुलांच्या हातावर, मानेवर तसेच चट्टे उठतात. दोघांचा उपचार एकाच वेळी करा. दुकानातून घेतलेले स्टेरॉइडमिश्रित मलम खाज थांबवते, पण बुरशी वाढवते.

लेप्टो: उंदरांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात पसरतो. मुंबईत 2005 च्या पुरानंतर याची मोठी साथ आली होती. कुत्र्याला ताप, उलट्या, कावीळ होते, आणि त्याच्या लघवीतून तो घरच्यांना होऊ शकतो. कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी द्या, लघवी साफ करताना हातमोजे घाला. पावसाळ्यात तुम्हाला ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर घरात आजारी कुत्रा असल्याचे डॉक्टरांना सांगा. त्याने निदान लवकर होते.

जंत: कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतली अंडी मातीत मिसळतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या तोंडावाटे ती पोटात गेली तर अळ्या यकृतात, कधी डोळ्यातही जातात. कुत्र्याला कच्चे आतडे-काळीज घालू नका, त्यातून माणसाच्या यकृतात पाण्याची गाठ करणारा हायडॅटिड जंत येतो.

मांजर आणि गरोदरपण: टॉक्सोप्लाझ्माच्या भीतीने मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. मांजराच्या विष्ठेतला हा जंतू संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करावा, आणि तो गरोदर बाईने नव्हे, दुसऱ्या कोणी करावा. अर्धकच्चे मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांचा धोकाही लक्षात ठेवावा.

चावल्यास किंवा बोचकारल्यास

रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर तो जवळपास नेहमीच मारतो. त्याआधी तो पूर्णपणे टाळता येतो. म्हणून 'घरचाच कुत्रा आहे, लस झालेली आहे' असे म्हणून सोडून देऊ नका.

1. जखम लगेच नळाच्या धारेखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, कॉफी काहीही लावू नका.
2. त्याच दिवशी लस सुरू करा. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. स्नायूत दिल्यास 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, कातडीत दिल्यास 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी घ्यायची असते. लशीचा पहिला दिवस म्हणजे 0. लस दंडात घ्यावी, कुल्ल्यावर नाही.
3. दात रुतला, रक्त आले किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावे लागते. लशीचे संरक्षण तयार व्हायला काही दिवस लागतात, तोवर तेच आधार असते. याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.
4. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर 0 आणि 3 या दोनच दिवशी लस पुरते. तेव्हा इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.
5. कुत्रा-मांजर हाताशी असेल तर 10 दिवस लक्ष ठेवा. लाळेत विषाणू लक्षणांच्या आधी थोडेच दिवस येतो, म्हणून 10 दिवसांनंतरही ते ठणठणीत असेल तर चावताना लाळेत रेबीज नव्हता असे समजतात, आणि उरलेल्या डोसांबद्दल डॉक्टर ठरवतात. पण या 10 दिवसांची वाट पाहून लस सुरू करायची नसते.

गरोदरपणात आणि लहान बाळांनाही ही लस देता येते. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो. जखम वरून लहान दिसली तरी एका दिवसात ठणका आणि सूज येऊ शकते. अशा वेळी प्रतिजैविक लागते.

पशुवैद्यकाकडे जाताना

पशुवैद्यकाची पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. अशी असते आणि त्यांची नोंदणी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे असते. शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्याच्या ठिकाणी आहेत. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणीची रुग्णालये आहेत. तेथे खर्च कमी येतो आणि तज्ज्ञ मिळतात.

जाताना लसीचे कार्ड, दिलेल्या औषधांची पाकिटे आणि जुलाब असतील तर ताज्या शीचा नमुना न्या. झटका, खोकला किंवा लंगडणे मोबाइलवर चित्रित करून ठेवा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते थांबलेले असते. मांजर हातात नेऊ नका, बंद टोपलीत न्या. दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो, म्हणून तोंडाला पट्टी किंवा मुसके बांधा. श्वास लागत असेल किंवा उलट्या होत असतील तर मात्र तोंड बांधू नका.

जवळचा दवाखाना रात्री उघडा असतो का, नसेल तर कोठे जायचे, हे जनावर बरे असतानाच विचारून फोन नंबर भिंतीवर लावून ठेवा.